दगडाचं वय सांगण्याआधी खनिज कोणतं ते सांगा

अमुक शिळेचं ‘कार्बन डेटिंग’ झालं आणि वय दहा हजार वर्षं निघालं, असे संदेश फोनवर फिरत असतात. ते बेलाशक पुसून टाकावेत. कार्बन-१४ची पद्धत एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंसाठी आहे. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा साठा संपायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं; त्यामुळे पन्नासेक हजार वर्षांनी मोजण्याजोगं फारसं उरत नाही. दगडाला युरेनियम, पोटॅशियम अशी संथ घड्याळं लागतात. आणि मुळात दगडाला एकच वय नसतं.

पाकिस्तानातला ८,१२६ मीटर उंचीचा नंगा पर्वत घ्या. तिथल्या जुन्या नाइस या पट्टेदार रूपांतरित खडकातल्या झिरकॉन या खनिजाचं युरेनियम-शिसे वय सुमारे १८५ कोटी वर्षं भरतं, तर त्याच भागातल्या अपॅटाइट या दुसऱ्या खनिजाचं फिशन ट्रॅक (युरेनियम दुभंगताना स्फटिकात पडणारे चरे) वय दहा लाख वर्षांच्याही आत. दोन्ही वयं बरोबर आहेत. झिरकॉनमधलं युरेनियमपासून झालेलं शिसं ९०० अंश सेल्सिअसच्या आसपासही टिकून राहतं. काळ्या अभ्रकातला पोटॅशियमपासून झालेला आरगॉन तापमान ३०० अंशांच्या खाली आलं की अडकतो. अपॅटाइटमधले फिशन ट्रॅक ११० अंशांच्या सुमाराला टिकू लागतात आणि त्यातला हेलियम ७० अंशांच्या. म्हणजे झिरकॉनमधल्या शिशाचं वय स्फटिक केव्हा घडला ते सांगतं, बाकीची वयं खडक केव्हा थंड झाला ते सांगतात, आणि खोलवरचा खडक थंड होतो तो मुख्यतः डोक्यावरचा थर झिजल्यामुळे.

यातली सर्वांत सुंदर पद्धत फिशन ट्रॅकची. युरेनियम-२३८चं केंद्रक बहुतेक वेळा अल्फा कण सोडतं, पण अठरा-वीस लाखांत एखादं आपणहून दुभंगतं. दोन्ही तुकडे विरुद्ध दिशांना सुटतात आणि स्फटिकात सुमारे १६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लांबीचा चरा पडतो. ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात हा चरा लाखो वर्षांत हळूहळू आखडतो, त्याहून जास्त तापमानात पुसलाच जातो. प्रत्येक चरा वेगळ्या काळी जन्मतो, पण जन्मतःची लांबी सगळ्यांची जवळपास सारखी. त्यामुळे झटकन निवालेल्या खडकात बहुतेक चरे १४-१५ मायक्रॉनचे मिळतात, रेंगाळत निवालेल्यात आखूड-लांब अशी सरमिसळ असते. चरे मोजून वय आकड्यात आलं, तरी तिथवरची वाट कशी होती हे लांबी सांगते.

कामाला मुरूम न झालेला, ताजा तीन-चार किलो दगड लागतो. तो भरडून, चाळून ब्रोमोफॉर्म या जड द्रवात टाकला की क्वार्ट्‌झ तरंगतं आणि ३.२ घनतेचं अपॅटाइट बुडतं. पुढे ३.३ घनतेच्या डायआयोडोमिथेन या आणखी जड द्रवात अपॅटाइट वर राहतं, झिरकॉन तळाला जातं. कण इपॉक्सीत बसवून घासायचे, चकचकीत करायचे आणि ५.५ मोलर नायट्रिक आम्लात २१ अंशांवर २० सेकंद बुडवायचे. आम्ल चरे कोरून मोठे करतं, तेव्हा कुठे ते सूक्ष्मदर्शकात दिसतात. वेळ वा तापमान हललं की लांबी चुकते. स्फटिकातले मूळचे दोषही चऱ्यांसारखे दिसतात. क्लोरीनयुक्त अपॅटाइट जास्त उष्णतेतही चरे टिकवून धरतं, म्हणून रासायनिक घडण तपासावीच लागते.

नंगा पर्वतासारख्या कोवळ्या नमुन्यात वेगळीच अडचण येते: कित्येक कणांत एकही चरा नसतो. असे कण ‘रिकामे’ म्हणून वगळले तर वय फुगतं. शून्य हीसुद्धा मोजणीच आहे, ती धरलीच पाहिजे.

मग वेगाचा हिशेब. झिरकॉनचे फिशन ट्रॅक साधारण २४० अंशांखाली टिकतात. समजा, झिरकॉन आणि अपॅटाइट यांच्या फिशन ट्रॅक वयांत दहा लाख वर्षांचं अंतर आलं. तेवढ्या काळात खडक १३० अंश निवला. खोलीबरोबर दर किलोमीटरला ३० अंश तापमान वाढतं असं धरलं, तर वर्षाला ४.३ मिलिमीटर खडक उघडा पडला. पण इतक्या वेगाने वर येणारा खडक आपली उष्णता बरोबर घेऊन येतो आणि वाढीचा दरच बदलतो. तो ६० अंश निघाला तर वेग थेट निम्म्यावर! नंगा पर्वताच्या पायथ्याशी सिंधूकाठी गरम पाण्याचे झरे आहेत ते याच उष्णतेमुळे. शिवाय झटपट निवताना टिकण्याचं तापमानही ११०च्या वर सरकतं. म्हणून वेगाचा आकडा वाचताना तापमानवाढीचा दर किती धरला आहे, ते आधी पाहावं.

आपल्या सह्याद्रीत ही पद्धत सरसकट चालत नाही. दख्खनच्या बेसाल्टमधून वेगळं काढता येईल इतक्या मोठ्या कणांचं अपॅटाइट सहसा मिळत नाही. पश्चिम किनाऱ्याच्या उत्थानाचा आणि झिजेचा अभ्यास करायचा तर दक्षिणेकडे, बेसाल्टखालचे जुने नाइस आणि ग्रॅनाइट उघडे पडले आहेत तिथे जावं लागतं.