'टू एमबी'मधला एमबी कोणता? वेगाच्या दोन मापांची पार्श्वभूमी

2005 च्या सुमाराची गोष्ट. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नवी लीज लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेली कायम चालू जोडणी, बसली होती. लाइन जोडायला आलेले साहेब तिला 'टू एमबी' म्हणत होते आणि आम्हीही तेच म्हणू लागलो. संध्याकाळी अकाउंट्समधल्या ताईंनी विचारलं, "हा 700 एमबीचा बॅकअप पुण्याला जायला किती वेळ लागेल?" मी 700 ला 2 ने भागलं आणि सांगितलं, "सहा मिनिटं." फाइल पोचायला पाऊण तासाच्या वर वेळ लागला. ताई तोवर बस सोडून थांबल्या होत्या.

लाइनमध्ये काही बिघाड नव्हता. 'टू एमबी'तला एमबी टेलिफोनवाल्यांचा होता, म्हणजे मेगाबिट. बॅकअपमधला एमबी डिस्कवाल्यांचा होता, म्हणजे मेगाबाइट. (बिट म्हणजे 0 किंवा 1 असा एक आकडा आणि आठ बिटांचा आजचा एक बाइट.) उच्चार एक असला तरी त्यांची घराणी वेगळी आहेत आणि दोन्हींचा इतिहास माहीत नसेल तर हा हिशेब जुळत नाही.

टेलिफोनचं घराणं जुनं, थेट तारायंत्रापासूनचं. तारवाल्याच्या दृष्टीने मोलाची गोष्ट म्हणजे तारेवरचा वेळ. एका सेकंदात किती ठोके जातात, हे त्याचं माप. फ्रान्सच्या तार खात्यातल्या एमिल बोदो यांनी 1874 मध्ये पाच ठोक्यांचं अक्षर बांधणारी पद्धत पेटंट केली. त्यांच्याच नावावरून 'बॉड' हे एकक आलं, सेकंदाला एक ठोका म्हणजे एक बॉड. पुढे टंकलेले निरोप तारेवरून पाठवणारी टेलेक्सची यंत्रं 50 बॉडवर चालू लागली. पाच ठोक्यांचं एक अक्षर, म्हणजे सेकंदाला दहा अक्षरं जायला हवीत. प्रत्यक्षात मिनिटाला 400 च जायची, म्हणजे सेकंदाला सातसुद्धा नाहीत. कारण प्रत्येक अक्षरापुढे 'सुरू' सांगणारा एक ठोका आणि मागे 'थांब' सांगणारा दीड ठोका असे, म्हणून एकूण साडेसात. पलीकडच्या यंत्राला अक्षर कुठे सुरू होतं हे कळावं म्हणून दिलेली ही पट्टी. तिच्याकडे जरा नीट बघून ठेवा, कारण ती पुढे पुन्हा भेटते.

मग आवाजाचे आकडे झाले. टेलिफोनवर साधारण 3,400 हर्ट्झपर्यंतचा आवाज पुरतो. तो सेकंदाला 8,000 वेळा मोजायचा आणि प्रत्येक मोजणी आठ बिटांत लिहायची, की एका संभाषणाला 64,000 बिट लागतात. अमेरिकेत 1962 मध्ये अशी 24 संभाषणं तारांच्या दोन जोड्यांवर बसवली गेली. त्यात दर फेरीला एक जादा बिट धरून 15,44,000 चा आकडा आला. युरोपने 32 खाने घेतले आणि आपल्याकडेही तीच पद्धत आली. त्यातला शून्य क्रमांकाचा खाना ताल जुळवायला, सोळावा घंटी-नंबरच्या निरोपांना आणि उरलेले 30 बोलण्याला. 32 गुणिले 64,000 म्हणजे सेकंदाला 20,48,000 बिट. अंबडची 'टू एमबी' ती हीच.

डिस्कवाल्यांची चिंता निराळी होती. त्यांच्याकडे माल गोदामात पडलेला. किती अक्षरं मावतात, हा पहिला प्रश्न आणि ती किती वेगाने बाहेर निघतात, हा दुसरा. आयबीएमच्या 1956 च्या पहिल्या डिस्क यंत्रात 50 लाख अक्षरं मावत आणि ती सेकंदाला 8,800 या वेगाने वाचली जात. मोजणी सरळ अक्षरांत होती. त्याच वर्षी आयबीएमच्याच वर्नर बुखहोल्त्स यांनी 'बाइट' हा शब्द घडवला. तेव्हा बाइट आठच बिटांचा असं ठरलेलं नव्हतं. आठाची सवय पडली ती 1964 च्या सिस्टिम/360 मुळे. टेलिफोनवाले मात्र सावध राहिले आणि त्यांच्या कागदपत्रांत आठ बिटांच्या गटाला आजही 'ऑक्टेट' हा शब्द दिसतो.

नाशिककराला हे समजायला गोदावरी पुरेशी आहे. गंगापूर धरणातून विसर्ग किती, तर क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. धरणात साठा किती, तर दशलक्ष घनफुटांत किंवा टीएमसीत, म्हणजे हजार दशलक्ष घनफुटांत. पावसाळ्यात पूर किती चढला ते बघायला नदीतल्या दुतोंड्या मारुतीकडे डोळे लावून बसलेला माणूस या दोन आकड्यांची गल्लत करत नाही. 11,574 क्युसेकने अखंड चोवीस तास पाणी सोडलं तर एक टीएमसी होतं, असा रूपांतराचा आकडाही पक्का आहे. संगणकात गल्लत होते ती दोन्हीकडे 'एम' हेच अक्षर वापरल्यामुळे. 1980 ची एसटी-506 हार्ड डिस्क बघा. तिच्यात 5 मेगाबाइट मावत आणि तिचा वेग होता सेकंदाला 5 मेगाबिट. पूर्ण डिस्क एका सेकंदात वाचून होईल असं वाटतं, पण किमान आठ सेकंद लागणारच.

नुसत्या आठाने भागूनही भागत नाही. जुन्या सुरू-थांब पद्धतीच्या मोडेमवर आठ बिटांच्या अक्षराला दहा बिट पडत, म्हणून 2,400 बिटांच्या मोडेमवर 240 अक्षरं. (त्याला '2400 बॉड' म्हणायची पद्धत होती, खरं तर तो 600 बॉडचा, दर ठोक्यात चार बिट.) टेलेक्सची तीच पट्टी सॅटा डिस्कच्या केबलमध्ये परत आली. ताल टिकावा म्हणून तिथे आठ बिट दहांत गुंफून पाठवतात. म्हणून 6 गिगाबिटची सॅटा 600 मेगाबाइट देते, 750 नाही.

तिसरा गुंता हजाराचा. तारवाल्यांचा किलो नेहमी 1,000 चा, तर मेमरीवाल्यांचा 1,024 चा. 1.44 एमबीच्या फ्लॉपीत तर 1,440 गुणिले 1,024 बाइट, म्हणजे एकाच आकड्यात दोन्ही हिशेब. 1998 मध्ये 1,024 च्या किलोला 'किबी' असं वेगळं नाव मिळालं, पण दुकानात मी ते अजून ऐकलेलं नाही. आमच्या लाइनचा 2,048 किलोबिट हा आकडा मेमरीचा वाटतो, पण तिथे किलो हजाराचाच आहे. त्याला आठाने भागलं की सेकंदाला 2,56,000 बाइट येतात आणि ते 1,024 ने भागले की बरोबर 250.

ताईंचा बॅकअप सीडीवर मावणारा, म्हणजे 1,024 च्या हिशेबातले 700 एमबी. बाइटमध्ये 73,40,03,200. भागिले 2,56,000 म्हणजे 2,867 सेकंद, जवळजवळ 48 मिनिटं, आणि वर फाइल ज्या तुकड्यांत जाते त्या पाकिटांवरच्या पत्त्यांचा भार. दुसऱ्या दिवशी मी रॅकच्या दारावर कागद चिकटवला: '1 जीबी = 70 मिनिटं, वर पाच धरा.' त्यानंतर ताई बॅकअप दुपारी चारलाच लावू लागल्या.