ज्वालामुखीची थरथर वेगळी, समुद्राचा गोंगाट वेगळा

भूकंपमापकाच्या नोंदीचे दोन कागद शेजारी ठेवले आहेत असं समजा. दोन्हींवर सरळ रेघ नाही. सुंभाच्या दोरीसारखा केसाळ, जाडसर पट्टा तासन्‌तास तसाच चालू आहे. पहिल्या कागदावरचा पट्टा ज्वालामुखी डोंगराच्या पोटात हलणाऱ्या शिलारसाचा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा आहे. दुसऱ्या कागदावर मात्र डोंगर गप्प आहे. तिथे उमटलंय ते दूरच्या समुद्राचं काम.

पहिल्याला ट्रेमर म्हणतात, दुसऱ्याला सिस्मिक नॉइज. बातम्यांमध्ये दोन्हींना सरसकट ‘कंपनं’ म्हणतात आणि ‘शास्त्रज्ञ ज्वालामुखीचा आवाज ऐकतात’ हे एकच वाक्य दोघांनाही चिकटवतात. ट्रेमरपुरतं ते बरोबर आहे. नॉइजच्या बाबतीत साफ चूक आहे, आणि मला ती चूक खटकते, कारण नॉइज वापरून डोंगराच्या आतलं जोखायची जी पद्धत आहे, तिची खरी कमाल नेमकी त्या वाक्यात हरवते.

गोंधळ होतो त्याला कारण आहे. नेहमीच्या भूकंपाला सुरुवात असते. आधी वेगवान पी लहर येते, मग तिच्या मागून संथ एस लहर, मग हळूहळू सगळं शांत होतं. किती वाजून किती सेकंदांनी धक्का बसला ते बोट ठेवून दाखवता येतं. ट्रेमर आणि नॉइज या दोन्हींत असं बोट ठेवायला जागाच नाही.

दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी बघायच्या तर हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर जावं. तिथला पितों द ला फूर्नेझ हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. बेट फ्रान्सचं असलं तरी आपलं त्याच्याशी जुनं नातं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तबिंदूतून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून उष्ण खडक वर येत राहणाऱ्या जागेतून, दख्खनचा लाव्हा ओतला गेला असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, त्याच तप्तबिंदूवर आज हे बेट आहे. सह्याद्रीचा काळा कातळ आणि तिथला ताजा लाव्हा एका घरचे.

फूर्नेझवर उद्रेकाआधी लहान लहान भूकंपांची झुंबड उडते. शिलारस खडक फोडत वर येत असतो. मग लाव्हा बाहेर पडायच्या सुमारास ट्रेमर सुरू होतो आणि उद्रेक चालू असेपर्यंत बहुधा थांबत नाही. अरुंद भेगेतून वाहणारा शिलारस, त्यातून सुटणारे वायूचे बुडबुडे, त्यांनी हादरणाऱ्या भेगेच्या भिंती, असं त्याचं मूळ. भातावरचं झाकण वाफेनं थडथडतं तसं. ही थरथर साधारणपणे सेकंदाला एक ते पाच वेळा होते. ज्वालामुखीच्या तोंडाजवळच्या भूकंपमापक केंद्रावर ती जोरात असते आणि लांब जावं तशी विरते, त्यामुळे कुठल्या केंद्रावर किती जोर आहे यावरून भेग कुठे उघडली याचा अंदाज बांधता येतो.

नॉइजचं मूळ डोंगरात नसतंच. समुद्रावर समोरासमोरून येणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळल्या की तळावर दाबाचे ठोके पडतात आणि जमीन पाच ते दहा सेकंदांच्या संथ लयीत डोलत राहते. हे डोलणं महाद्वीपाच्या मध्यावरही नोंदलं जातं. मुंबईला तर ते फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कुलाबा वेधशाळेचे संचालक सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी भारतीय समुद्रांतल्या वादळी हवेबरोबर येणाऱ्या या सूक्ष्म कंपनांवर १९३० साली सविस्तर निबंध प्रसिद्ध केला होता. भूकंप शोधणाऱ्यांना मात्र हा गोंगाट नकोसा वाटे. गाळून टाकायची गोष्ट, म्हणूनच नाव ‘नॉइज’.

पण माठ घेताना आपण काय करतो? बोटानं टकटक वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. तो आवाज माठानं आपणहून केलेला नसतो. टकटक आपली, आणि त्यातून कळते ती माठाची तब्येत. इथे डोंगराला रात्रंदिवस वाजवत बसण्याचं काम समुद्र करतो.

प्रत्यक्षात ते असं चालतं. डोंगराच्या दोन बाजूंना दोन केंद्रं. दोन्हींच्या दिवसभराच्या नोंदी घ्यायच्या, एक दुसरीवर ठेवून थोडी थोडी सरकवायची आणि किती सरकवल्यावर दोन्ही सर्वांत जास्त जुळतात ते बघायचं. एका तासात काही दिसत नाही. बऱ्याच दिवसांच्या नोंदींची सरासरी काढली की त्या गोंगाटातून एक स्पष्ट लहर वर येते, जणू एका केंद्रावर ठोका मारला आणि दुसऱ्यावर तो ऐकला. तिला लांब शेपटी असते, म्हणजे खडकात इकडेतिकडे आपटत, उशिरा पोचलेला भाग. शिलारस आत भरू लागला की डोंगर फुगतो, वरच्या खडकातल्या भेगा किंचित उघडतात आणि लहरींचा वेग कमी होतो. किती कमी? हजारात एक भाग, कधी त्याहूनही कमी. तीस सेकंदांनी येणारी शेपटी ०.०३ सेकंद उशिरा येते, एवढंच. फ्लोराँ ब्रँगिए आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं, की फूर्नेझच्या उद्रेकांआधी काही दिवस वेग असा खाली येत होता. फेकून द्यायच्या नोंदीतून एवढं बारीक माप निघालं, हे मला आजही थक्क करतं.

अर्थात वेग घसरला म्हणजे शिलारसच आला असं नाही. इंडोनेशियातल्या मेरापीवर २००६ साली याच पद्धतीनं वेगातले चढउतार सापडले आणि त्यांचं कारण निघालं पाऊस. भूजलाची पातळी वर-खाली झाली की लहरींचा वेगही बदलतो. त्यामुळे पावसाचा हिशेब आधी वजा केल्याशिवाय वेगाच्या आलेखावर विसंबून राहणं मला धोक्याचं वाटतं.

दोन पट्टे ओळखायला मुळात फार कठीण नाहीत. वेळेची पट्टी ताणून बघितली की ट्रेमरची घाई आणि समुद्राची संथ चाल वेगळी कळते. वादळ आलं की बेटावरची सगळी केंद्रं एकदम डोलू लागतात. ट्रेमर तोंडाजवळच्यांना आधी आणि जास्त हलवतो. जोराच्या वाऱ्यानं मात्र अनुभवी माणूसही फसू शकतो, कारण वाऱ्याची थरथर ट्रेमरच्याच लयीत बसते.

खरी अडचण येते दोन्ही एकत्र आल्यावर. नॉइजच्या पद्धतीत टकटक रोज साधारण सारखी पडते असं गृहीत धरलेलं असतं. ट्रेमर सुरू झाला की डोंगर आतूनच वाजू लागतो, दोन नोंदींची जुळणी समुद्राऐवजी त्या भेगेकडे ओढली जाते, आणि खडकात काहीही बदल नसताना वेग बदलल्याचा भास होतो. म्हणून दोन्हींच्या लयी गाळणीनं वेगळ्या काढाव्या लागतात, आणि तरीही जमलं नाही तर जोरदार ट्रेमरचे दिवस वेगाच्या आलेखातून बाजूला ठेवावे लागतात. तोवर लाव्हा डोळ्यांना दिसू लागलेला असतो. वेगाच्या आलेखाचं काम त्याआधीच्या गप्प आठवड्यांतलं.