गळाला लावायची अळी: पोसण्याहून थोपवणे अवघड

श्रावणात निपाणी-चिकोडी भागातल्या सोयाबीनच्या शेतात एखादे पान चाळणीसारखे जाळीदार झालेले दिसले की शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. गळ टाकणारा मात्र तेच पान उलटून पाहतो. पानाच्या पाठीवर बारीक हिरवट अळ्यांचा पुंजका असतो. ही तंबाखूवरील पाने खाणारी अळी. शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा लिट्युरा. नावात तंबाखू असली, तरी तिला सोयाबीन, भुईमूग आणि एरंडही तितकेच चालतात. मादी पतंग एकेका पुंजक्यात शेकडो अंडी घालते आणि स्वतःच्या अंगावरच्या पिंगट केसांनी ती झाकते. अंडी फुटल्यावर पहिले काही दिवस अळ्या एकाच पानावर राहून हिरवा गर खरवडतात आणि शिरा तशाच सोडतात. या दिवसांत पान खुडले की सबंध कुटुंब हाती येते. पुढे त्या पांगतात, दिवसा मातीच्या भेगांत दडतात आणि मग रात्री बॅटरी घेऊन शोधण्याची पाळी येते.

फवारणी झालेल्या शेतातल्या अळ्या मात्र आणू नयेत, कारण त्या डब्यात एकामागून एक मरतात. अंगभर केस असलेल्या कुसरुडाला तर उघड्या हाताने शिवूच नये. त्याचे केस कातडीत रुतले की खाज दिवसभर पिच्छा सोडत नाही.

पोसायला एरंडाचे पान उत्तम. बांधावर आणि उकिरड्याच्या कडेला ते फुकट मिळते, शिवाय देठाला ओले फडके गुंडाळले तर बराच वेळ टवटवीत राहते. अळीला लागणारे पाणी पानातूनच मिळते, त्यामुळे वेगळे पाणी ठेवू नये. डब्याच्या तोंडाला सुती फडके बांधावे आणि विष्ठा रोज झाडून काढावी. खानापूरकडच्या पावसात भिंतीसुद्धा घामेजतात. तिथे धुतलेले पान पुरते निथळल्याशिवाय आत घालू नये. दाटीत आणि ओलीत रोग झपाट्याने पसरतो. त्यांतला एक विषाणू फार वाईट: त्याची लागण झालेली अळी वर चढून उलटी लटकते, तिचे अंग आतून विरघळते आणि फुटून ठिबकलेला द्राव पडलेली पाने खाऊन बाकीच्यांनाही लागण होते. अशी एक जरी दिसली, तरी डबा रिकामा करून उकळत्या पाण्याने धुणे हाच मार्ग. मात्र निपचित दिसणारी प्रत्येक अळी आजारी नसते. कात टाकण्यापूर्वी ती खाणे थांबवून स्तब्ध बसते आणि नवखा माणूस नेमकी तीच फेकून देतो. हरभऱ्यावरची घाटे अळी पाळायची असेल, तर प्रत्येकीला वेगळी डबी हवी. एकत्र ठेवल्यास त्या एकमेकींना खातात.

खरी अडचण अळ्या चांगल्या वाढू लागल्यावर सुरू होते. उबदार हवेत लिट्युरा दोन-तीन आठवड्यांत पूर्ण वाढते, मातीत शिरते आणि कोष करते. म्हणजे रविवारी मलप्रभेच्या डोहावर जायचा बेत असेल आणि अळी शुक्रवारीच कोषात गेली, तर सारे श्रम वाया. अळीच्या शरीराचे तापमान बाहेरच्या हवेप्रमाणे बदलते, त्यामुळे गारवा वाढला की तिची वाढ मंदावते. उन्हाळ्यात ओले पोते गुंडाळलेले मडके सावलीत ठेवले तर पुरेसे होते, कारण पोत्यातले पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेते. पावसाळ्यात हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, पाणी उडत नाही आणि मडके गार होत नाही. तेव्हा फ्रिजचा खालचा कप्पा उरतो, आणि तो मिळवणे हे सबंध उद्योगातले सर्वांत नाजूक काम आहे! तिथेही चार-पाच दिवसांपलीकडे ठेवू नये, कारण गारठलेली अळी खात नाही आणि हळूहळू अशक्त होते.

गळाला लावताना तिची शरीररचना ध्यानात घ्यावी. अळीला हाडे नसतात. आतल्या द्रवाच्या दाबानेच तिचे अंग ताठ राहते. मधोमध टोचली की द्रव वाहून जातो आणि हवा गेलेल्या फुग्यासारखी ती लोंबते. डोक्यामागच्या कातडीचा जेमतेम पदर उचलून त्यातून गळाचे टोक काढले, तर ती पाण्यात काही वेळ वळवळत राहते, आणि काठावरच्या झाडावरून पडणाऱ्या किड्यांची वाट पाहणाऱ्या माशाला ती वळवळ कळते. उरलेल्या अळ्या बांधावर सोडून येऊ नयेत. शेजारच्या सोयाबीनवाल्याला ते परवडणार नाही.