बांध कोणी राखायचा? गोव्यातील लोकांच्या हवामान-लढ्यामागचा इतिहास

हवामान बदलाला गावपातळीवर तोंड देणे हा विषय अलीकडे परिषदांमधून नव्याने मांडला जात असला, तरी गोव्यात तो फार जुना आहे. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठी सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे, म्हणजे बांध घालून खाऱ्या नदीकडून मिळवलेली सखल शेतजमीन. भरतीच्या वेळी नदीचे पाणी या जमिनीच्या पातळीपेक्षा वर चढते, म्हणजेच तिसवाडी, बार्देश, सासष्टी आणि फोंडा तालुक्यांतील अनेक गावे आपले भात भरतीच्या पातळीच्या खाली पिकवत आली आहेत. बांदोडा येथे सापडलेल्या, कोकणच्या मौर्य राजवटीतील अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात खाजन जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे. हा ताम्रपट सहाव्या शतकाच्या सुमारास कोरला गेला असे मानले जाते, त्यामुळे नदीकडून जमीन मिळवण्याची ही विद्या किमान दीड हजार वर्षांची ठरते.

तिची रचना साधी दिसते, पण ती सतत राबत्या हातांवर उभी असते. चिखल, पेंढा, बांबू आणि चिरे यांचा बांध नदीला अडवतो. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या फाटकाची, लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. मानशीच्या आतल्या बाजूस पोंय म्हणजे खोल डोह असतो, तिथे पाणी साठते आणि मासळी वाढते. पावसाळ्यात कोरगूट, आसगो यांसारखी खारटपणा सोसणारी भाताची वाणे घ्यायची, पीक निघाल्यावर खारे पाणी आत घेऊन मासळी धरायची आणि सोयीच्या जागी मिठागरे करायची, असे हे वर्षाचे चक्र आहे. खेकड्याने पाडलेले भोक वेळीच बुजवले नाही तर तिथेच बांधाला भगदाड पडते, आणि भगदाड पुढच्या भरतीआधी बांधले गेले नाही तर खारे पाणी शेतात पसरून जमिनीची पत काही वर्षांसाठी जाते. हे काम अर्ज, मंजुरी आणि निविदा यांची वाट पाहू शकत नाही, आणि पुढे जे बिघडले त्याचे मूळ मला इथेच दिसते.

हे काम करून घेणारी संस्था म्हणजे गावकरी, जिला पोर्तुगीज अमलात कोमुनिदाद हे नाव मिळाले. १५२६ साली आफोंसो मेशिया याने तयार केलेल्या फोराल या सनदेत गावकारांचे, म्हणजे गावाच्या मूळ कुटुंबांतील वारसांचे, हक्क आणि चालीरीती लेखी नोंदवल्या गेल्या, आणि नव्या राज्यकर्त्यांनी सारा वसूल करण्यासाठी ही व्यवस्था तशीच ठेवली. जमीन गावाच्या मालकीची असे, शेते लिलावाने कसायला दिली जात, आणि येणाऱ्या उत्पन्नातून सारा, देवस्थान व बांध-मानशींचा खर्च भागवून उरलेली रक्कम गावकारांना झोण म्हणून मिळे. बांध राखणाऱ्याला त्याचा मोबदला ठरलेला असे आणि संकटात गावाला हाक मारण्याचा अधिकारही असे. या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये, ती अशी की झोण घेणारे हात वेगळे होते आणि चिखल उपसणारे बहुतेकदा वेगळे. गावकारांच्या सभेत स्त्रियांना आणि कष्टकरी जातींना स्थान नव्हते.

मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला मालकी मिळाली. हा न्याय उशिरा झाला होता, पण तो न्यायच होता. मात्र जमीन वाटली गेली तेव्हा बांधाची जबाबदारी कोणाच्या पदरात पडली, हा प्रश्न नीट सुटला नाही. कुळांनी संयुक्त जबाबदारी पार पाडावी म्हणून १९७५ मध्ये नियम करून कूळ संघटना स्थापन करण्यात आल्या, तर कोमुनिदादींचे उत्पन्न आटत गेले. दरम्यान मानशीवरील मासळीचा लिलाव भातापेक्षा अधिक पैसा देऊ लागला. मासळीसाठी मानस जास्त वेळ उघडी ठेवणे फायद्याचे आणि भातासाठी ती बंद ठेवणे गरजेचे, अशा पेचात कित्येक ठिकाणी भाताने हार खाल्ली. पडीक खाजनात खारफुटी वाढली. ती कायद्याने संरक्षित असल्याने पुन्हा शेत करू पाहणाऱ्यासमोर एक नवीच अडचण उभी राहते.

याच काळात दुसऱ्या प्रकारची माणसे पुढे आली. त्यांच्याकडे जमीन नव्हती, पण संघटना होती. यांत्रिक ट्रॉलरनी किनाऱ्याजवळची मासळी ओरबाडायला सुरुवात केल्यावर माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे पारंपरिक मच्छीमार, रस्त्यावर उतरले, आणि त्या लढ्याच्या पार्श्वभूमीवर १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. १९८७-८८ च्या पश्चिम घाट बचाव पदयात्रेची सांगता फोंड्याजवळ रामनाथी येथे झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोकण रेल्वेचा मार्ग खाजनांतून जाणार म्हणून लोकांनी हरकत घेतली. १९९३ मध्ये काम थांबवून ओझा आयोग नेमला गेला. आयोगानंतरही मार्ग फारसा बदलला नाही, परंतु खाजन हा शब्द शेतकऱ्यांच्या घरातून सार्वजनिक चर्चेत आला तो तेव्हा. पुढे २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळ्या तरतुदी झाल्या आणि त्यांत खाजनांच्या रक्षणाचा व आराखड्याचा समावेश झाला.

सत्तरीतली वाट निराळी होती. तिथे खाजन नाही, तिथे म्हादईचे पाणी आणि देवाच्या रायी म्हणजे देवराया आहेत. केरी येथील शिक्षक राजेंद्र केरकर यांनी विवेकानंद पर्यावरण फौजेच्या माध्यमातून गावच्या मुलांना जंगलात नेले आणि रायींच्या लोकपरंपरा मराठीत लिहून ठेवल्या. निर्मला सावंत यांच्यासह अनेकांनी चालवलेल्या म्हादई बचाव अभियानाने कर्नाटकाकडे म्हादईचे पाणी वळवण्याच्या प्रश्नाला राज्याचा प्रश्न बनवले. २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि २०१८ मध्ये त्याने निवाडा दिला, तरी वाद मिटलेला नाही. जमीनवापर ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखड्याविरोधी २००६-०७ च्या आंदोलनामुळे आराखडा मागे घेतला गेला. २०२० पासून मोले अभयारण्यातील वीजवाहिनी, महामार्ग आणि रेल्वे दुपदरीकरण यांना विरोध करताना तरुण वर्ग चांदरच्या रेल्वेमार्गावर रात्रभर बसला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या प्रकल्पाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली.

आंदोलन प्रकल्प अडवू शकते, पण बांध दुरुस्त करण्यासाठी रोज लागणारा माणूस ते पुरवू शकत नाही. त्या दृष्टीने २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील गावसमित्या लक्ष देण्याजोग्या आहेत. या समित्या गावच्या जैविक संपत्तीची नोंदवही ठेवतात आणि व्यापारासाठी ती गोळा करणाऱ्यांकडून शुल्क आकारण्याचा अधिकारही कायदा त्यांना देतो. डिचोली तालुक्यातील सुर्ला येथील पुर्वतळी राय २०२२ मध्ये राज्यातील पहिले जैवविविधता वारसास्थळ ठरली. गावकरीच्या तुलनेत हा अधिकार तोकडा आहे आणि या समित्यांचे उत्पन्न बांध बुजवण्याइतके होईल, अशी आशा सध्या तरी नाही. मात्र ज्यांना गावकारांच्या सभेत बसता आले नव्हते, त्यांना या समितीत बसण्याचा हक्क आहे. समितीवर एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूदच २००४ च्या नियमांत करण्यात आली.