मोठी बॅटरी बदलण्याआधी: जुन्या हायब्रिड गाडीच्या मालकांसाठी माहितीपत्रक

‘दादा, मोठी बॅटरी गेली म्हणतायत.’ रत्नागिरीतल्या आमच्या गॅरेजच्या दारात गाडी अजून नीट लागलेलीही नसते, तोवर हे वाक्य येतं. म्हणणारा कोण, तर कधी शेजारी, कधी मुंबईचा मेहुणा. त्यांनी बहुतेक वेळा बॉनेटसुद्धा उघडलेलं नसतं. मुंबई-पुण्यात आठ-दहा वर्षं पळालेल्या हायब्रिड गाड्या आता सेकंडहँड होऊन कोकणात येऊ लागल्यात आणि त्यांच्यासोबत ही धास्तीही आली आहे. तोंडी सांगून सांगून आम्ही दमलो, म्हणून हे छापून घेतलं.

आधी छोटी बॅटरी बघा

हायब्रिड म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी. तिच्यात बॅटऱ्या दोन. एक मोठी, गाडी ओढणारी. दुसरी बारा व्होल्टची, इतर कुठल्याही गाडीत असते तशी. मोठ्या बॅटरीची वाट उघडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, या छोटीच्या जिवावर चालतात. छोटी मेली, की मोठी ठणठणीत असूनही गाडी ‘रेडी’, म्हणजे चालायला तयार, होत नाही. आणि छोटी अर्धमेली असली, तर डॅशबोर्डवर नाही नाही ते दिवे लागतात. माणूस घाबरतो, पोटात गोळा येतो, आणि दुखणं असतं भलत्याच ठिकाणी.

म्हणून आमच्याकडे गाडी आली, की पहिला मीटर हिलाच लागतो. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक. बाराच्या खाली म्हणजे ती रिकामी आहे. गाडी रेडी केल्यावर साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवं. बदलायची वेळ आलीच, तर ‘साइझ बसते ना, मग टाका’ असं करू नका. प्रियस, कॅमरीसारख्या गाड्यांत ही बॅटरी डिकीत, म्हणजे माणसं बसतात त्याच बंद डब्यात असते. तिथे एजीएम (आतलं अ‍ॅसिड शोषून धरणाऱ्या) जातीची, वायू बाहेर नेणारी बारीक नळी जोडता येईल अशीच बॅटरी हवी.

२०१५च्या सुमारास आलेल्या मारुतीच्या ‘एसएचव्हीएस’ (सौम्य हायब्रिड) सियाझ, एर्टिगाच्या मालकांनी तर निर्धास्त असावं. पाठीवर हायब्रिड लिहिलं असलं, तरी त्यांत शेकडो व्होल्टचा पॅक नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणं थांबलं, की बहुतेक वेळा बारा व्होल्टची बॅटरीच थकलेली असते. ती बदलली की काम झालं. खाली जे लिहिलंय ते कॅमरी हायब्रिड, प्रियस, सिव्हिक हायब्रिड अशा गाड्यांसाठी, आणि २०२२पासून आलेल्या हायरायडर, ग्रँड विटारा, सिटी हायब्रिड, हायक्रॉस यांच्या पुढच्या काळासाठी.

मोठी बॅटरी किती मोठी?

इथे बरेचजण चकित होतात. २०१३च्या कॅमरी हायब्रिडच्या पॅकमध्ये ७.२ व्होल्टची ३४ मॉड्यूल, म्हणजे छोटे बॅटरी-डबे, एकामागे एक जोडलेली असतात. झाले २४४.८ व्होल्ट. क्षमता ६.५ अँपिअर-अवर. गुणाकार केला तर वीज मावते साधारण १.६ युनिट. आता घरच्या इन्व्हर्टरकडे बघा. वादळात लाइट गेली की पंखा चालवणारी ती १५० अँपिअर-अवरची बॅटरी १.८ युनिटची असते! म्हणजे ‘मोठी’ बॅटरी साठ्याला घरच्या बॅटरीहून लहान.

कारण तिचं काम साठवणं नाहीच. वाण्याच्या गल्ल्यातली मोड असते ना, तशी ती आहे. दिवसभर घ्यायची, द्यायची. ब्रेक लावला की वीज आत, गाडी उचलली की बाहेर. गल्ला कधी पूर्ण रिकामा होऊ द्यायचा नाही आणि काठोकाठ भरूही द्यायचा नाही, हे गाडीचा कॉम्प्युटर सांभाळतो. या जातीची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी तो ढोबळमानाने ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच खेळवतो, म्हणून ती इतकी वर्षं टिकते. स्क्रीनवर पट्ट्या भरलेल्या दिसतात तेव्हाही बॅटरी खरोखर पूर्ण भरलेली नसते.

वय झालं, की हा गल्ला आक्रसतो. पण सगळी मॉड्यूल एकदम म्हातारी होत नाहीत. मधली जास्त तापतात, कडेची कमी. एखाद्या मॉड्यूलमधल्या सहा सेलपैकी एक बसला, की त्या मॉड्यूलचे १.२ व्होल्ट गेले. सगळी रांगेत जोडलेली, त्यामुळे दुबळं मॉड्यूल लवकर भरतं आणि लवकर रिकामं होतं, आणि कॉम्प्युटर त्याच्याकडे बघून सगळ्यांना थांबवतो. गावच्या पालखीसारखं आहे. एक खांदेकरी थकला, की पालखी सगळ्यांसाठीच थांबते.

घाटात कळतं

आम्हाला विचाराल, तर स्कॅनरच्या आधी आंबा घाट. वरून साखरप्याकडे उतरताना बॅटरी भरत जाते, ते ठीकच. पण दोन-तीन वळणांतच पट्ट्या वर टेकल्या आणि खाली पोचून एखादा चढ लागला की भसकन तळाला गेल्या, तर गल्ला आक्रसलाय असं समजा. नाक्यावर उभं असताना इंजिन सारखं चालू-बंद होणं, मागच्या सीटजवळ पंख्याचा घोंगाट वाढणं आणि अ‍ॅव्हरेज हळूहळू पडणं, ही त्याचीच भावंडं. मात्र एकट्या अ‍ॅव्हरेजवरून निष्कर्ष काढू नका. टायरमधली हवा कमी असली तरी तेच होतं.

उतरताना आणखी एक लक्षात ठेवा. बॅटरी भरली, की ती आणखी वीज घेत नाही, आणि मग मोटरने गाडी रोखून धरण्याचा आधार कमी होतो. ज्या गाडीत ‘बी’ गिअर (इंजिनाच्या जोरावर गाडी रोखणारा) आहे, त्यांनी कुंभार्ली, आंबा, फोंडा अशा घाटात तो वापरावा. जुन्या गाडीत ही वेळ लवकर येते.

डॅशबोर्डवर धोक्याचा लाल त्रिकोण लागला असेल, तर ‘चला, कोल्हापूरला जाऊन दाखवू’ म्हणून घाट चढू नका. टोयोटाच्या या गाड्यांत इंजिन सुरू होतं तेच मोठ्या बॅटरीवर. तिने हात टेकले, की पेट्रोलची टाकी भरलेली असूनही गाडी जागच्या जागी. (जुन्या सिव्हिक हायब्रिडला साधा स्टार्टरही होता, ती कशीबशी घरी आणायची.)

इथली धूळ, इथली हवा

बॅटरीला थंड ठेवणारी हवा बाहेरून येत नाही, ती गाडीच्या आतूनच घेतली जाते. मागच्या सीटच्या बाजूला किंवा मागच्या फळीवर एक जाळी असते. गाडीगणिक जागा वेगळी, पण आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मालकांना ती माहीतच नसते. तिच्यावर पिशव्या, छत्र्या, लग्नाच्या पत्रिका, एकदा तर सुक्या बोंबलांचं गाठोडं. आत पंख्याच्या पात्यांवर जांभ्याची तांबडी धूळ बसलेली असते, घट्ट, लिंपल्यासारखी. पंखा फिरतो, आवाज करतो, हवा मात्र जात नाही. बॅटरी तापते, आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. जाळी महिन्यातून एकदा घरच्या व्हॅक्यूमने साफ करा. पाणी मारू नका. आतला पंखा वर्षातून एकदा आमच्याकडे काढून साफ करून घ्या. उन्हाळ्यात एसी लावायला काचकूच करू नका. तुम्हाला जी हवा बरी वाटते, तीच बॅटरीलाही लागते.

दुसरं म्हणजे खारं वारं. मॉड्यूल एकमेकांना तांब्याच्या पट्ट्यांनी जोडलेली असतात. पावसाळ्यात देवघरातला तांब्या आठ दिवस घासला नाही तर त्याचं काय होतं, ते घरोघरी ठाऊक आहे. या पट्ट्या तर दहा-दहा वर्षं कुणी पाहिलेल्याच नसतात. त्यांच्यावर हिरवा थर चढतो, जोड तापतो. व्होल्टेज मोजणाऱ्या बारीक वायरींची टोकं खराब झाली, की कॉम्प्युटरला आकडाच चुकीचा जातो आणि तो चांगल्या मॉड्यूललाही आजारी ठरवतो. त्यात डिकीच्या रबराला भेग असेल किंवा मागच्या दिव्याच्या कडेने पाणी झिरपत असेल, तर विचारायलाच नको. स्टेपनी उचलून खाली ओल आहे का, ते बघत जा.

देवरुखच्या एका गुरुजींची कॅमरी अशीच आली होती. ‘पूर्ण पॅक बदला’ असं त्यांना आधी सांगण्यात आलं होतं. उघडून पाहिलं, तर पट्ट्या हिरव्या आणि पंखा मातीने बंद. पट्ट्या साफ केल्या, पंखा धुतला, मॉड्यूलच्या व्होल्टेजचे आकडे जवळ आले, गाडी घरी गेली. प्रत्येक गाडीचं असं होत नाही. पण उघडून पाहिल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही, आम्हीही नाही.

आणि किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी घालून लाटांत फोटो काढण्याबद्दल काय बोलावं! गाडीच्या पोटाखालून मोठ्या बॅटरीच्या केशरी केबल गेलेल्या असतात. तेवढं आठवा.

आकडे मागा

स्कॅनरवर नुसता बिघाडाचा कोड वाचून दाखवला तर समाधान मानू नका. पी-झिरो-ए-एटी (P0A80) हा कोड ‘पॅक बदला’ असं म्हणतो. दुखणं कुठल्या जागी आहे, ते तो सांगत नाही. कॅमरीत ३४ मॉड्यूलच्या १७ जोड्या मोजल्या जातात, जुन्या प्रियसमध्ये २८ च्या १४. प्रत्येक जोडीचा व्होल्टेज गाडीवर जोर असताना किती पडतो, याची यादी आम्ही छापून देतो. सगळे आकडे जवळजवळ असले, तर बॅटरी म्हातारी पण एकजुटीची आहे, अजून चालेल. एकच जोडी व्होल्टभर खाली गेली, तर तिथे सेल बसलाय. सगळीकडे विस्कळीतपणा असला, तर पॅकचा निरोप घ्यावा. तो कागद घेऊन दुसऱ्या गॅरेजला दाखवलात, तरी आम्हाला राग नाही.

मग करायचं काय

वॉरंटी आधी बघा. आताच्या बऱ्याच हायब्रिड गाड्यांच्या मोठ्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी वॉरंटी असते. त्या मुदतीत असाल, तर आमच्याकडे येऊ नका, कंपनीकडे जा. आम्ही पॅक उघडला, तर तुमचा हक्क जाईल.

मुदत संपली असेल आणि एक-दोन मॉड्यूलच गेली असतील, तर तेवढी बदलता येतात. स्वस्त पडतं. पण इथे आमचीच एक चूक सांगतो. एका गाडीत आम्ही दोन मॉड्यूल बदलली, गाडी सुरेख चालली, आणि आठ महिन्यांत तिसरं गेलं. मालक चिडले आणि त्यांचं बरोबरच होतं, कारण आम्ही आधी स्पष्ट बोललो नव्हतो. उरलेली मॉड्यूल त्याच वयाची असतात. नवीन खांदा आला, तरी बाकीचे थकलेलेच. तेव्हापासून बिलावरच लिहितो: ‘ही डागडुजी आहे.’ गाडी वर्ष-दोन वर्षांत विकायची असेल, घाटात फार जात नसेल, तर डागडुजी करा. घेणाऱ्याला मात्र सांगून विका.

गाडी ठेवायचीच असेल, तर नवा पॅक. किंमत मॉडेलप्रमाणे आणि दर थोड्या महिन्यांनी बदलते, म्हणून इथे छापत नाही. पॅक केव्हा बनवलेला आहे, ते विचारा. गोदामात पडून राहिलेला पॅकही झिजतो. ‘रिकंडिशन’ म्हणून मिळणारे पॅक म्हणजे बहुधा दोन-तीन जुन्या पॅकमधली बरी मॉड्यूल निवडून केलेली जुळणी असते. आकड्यांचा कागद मिळाला तर विचार करा, नाहीतर नको. निकेलच्या जागी लिथियम बसवून देणारेही आहेत. गाडीचा कॉम्प्युटर निकेलच्या स्वभावाला शिकवलेला असतो, म्हणून आम्ही ते काम घेत नाही.

जुना पॅक भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. आम्ही तो त्याच वाटेने पाठवतो आणि पावती देतो.

हे घरी करू नका

व्हिडिओ बघून पॅक उघडणारे हौशी आमच्याकडेही येतात. २४४ व्होल्ट डीसी पकडून ठेवतो, सोडत नाही. गाडीच्या इन्व्हर्टरमध्ये तो ६५० पर्यंत चढवलेला असतो. आम्ही मोठ्या बॅटरीची वाट तोडणारा केशरी सर्व्हिस प्लग काढल्यावर वीज धरून ठेवणारे कपॅसिटर उतरायला किमान दहा मिनिटं हात लावत नाही, आणि त्यानंतरही १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालूनच. प्लग काढला, तरी मॉड्यूलमधली वीज कुठे जात नाही.

पुराचं पाणी गाडीत शिरलं, तर स्टार्टचं बटण दाबू नका. २२ जुलै २०२१ला चिपळूणने जे पाहिलं, त्यानंतर हे समजावून सांगायची गरज पडू नये. गाडी सपाट ट्रकवर चढवूनच आणा. पुढची चाकं रस्त्यावर फिरवत ओढली, तर मोटर फिरते आणि नुकसान वाढतं.

गाडी गावी ठेवून मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी

गणपतीला आलात, गाडी मांगरात लावलीत, आणि पुन्हा उघडलीत ती शिमग्याला. या बॅटरीचं सगळ्यात मोठं हाल याने होतं. उभ्याउभ्या ती आपोआप उतरते, आणि ती घरच्या चार्जरने चार्ज होत नाही. मागे राहणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा: महिन्यातून दोनदा गाडी रेडी करून अर्धा तास फिरवून आणायची. निदान उभी तरी रेडीत ठेवायची, ती ‘पी’मध्ये आणि मोकळ्या हवेत. ‘एन’मध्ये इंजिन चाललं तरी बॅटरी भरत नाही. दाभोळच्या किंवा जयगडच्या फेरीबोटीच्या रांगेत एसी लावून ‘एन’मध्ये बसणाऱ्यांनीही हे वाचावं. पेट्रोल मात्र शेवटच्या थेंबापर्यंत नेऊ नका. इंजिन बंद पडलं, की गाडी मोठ्या बॅटरीवर रेटायचा मोह होतो आणि ती पार तळाला जाते. उंदरांचा बंदोबस्त करा. मोजणीच्या त्या बारीक वायरी त्यांना फार आवडतात.

तपासणीला येताना

फोन करून या, कारण घाटाची फेरी धरून तपासणीला अर्धा दिवस लागतो. जुनी सर्व्हिसची बिलं असतील तर आणा. आणि डिकी रिकामी करून या. मे महिन्यात आमचा पहिला अर्धा तास हापूसच्या पेट्या उतरवण्यातच जातो.