बस-ड्रायव्हरला डीएमएची जोड

डीएमए म्हणजे डायरेक्ट मेमरी ॲक्सेस. यात प्रोसेसर एकेक बाइट उचलत नाही, वेगळा कंट्रोलर मेमरी आणि उपकरण यांच्यात डेटा परस्पर हलवतो. एसपीआयसारख्या बसचा (चिपा जोडणाऱ्या तारांचा) ड्रायव्हर, म्हणजे ती बस चालवणारे सॉफ्टवेअर, बहुधा आधी पीआयओवर, म्हणजे प्रोसेसरच्याच हमालीवर, चालू केला जातो. डीएमए मागाहून जोडतात. रावेर-सावद्याकडे केळीची गाडी भरताना मुकादम घड स्वतः वाहत नाही. कुठून उचलायचे, कुठे लावायचे आणि किती, एवढे तो सांगतो. डीएमए कंट्रोलरलाही या तीनच गोष्टी द्यायच्या असतात. काम संपले की तो इंटरप्टने, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या इशाऱ्याने, कळवतो.

आधी गरज तपासावी. केळी पिकवण्याच्या खोलीतला तापमानाचा सेन्सर एका वेळी दोन-चार बाइट देतो; तिथे डीएमएची तयारी करण्यातच जास्त वेळ जातो. तापीकाठच्या उपसा योजनेतल्या चार पंपांचे कंपन मोजायचे असेल, तर हिशेब बदलतो. प्रत्येक पंपाचे तीन अक्षांचे १६-बिट नमुने सेकंदाला ८,००० घेतले, की एकूण १,९२,००० बाइट होतात. दर ३२ बाइटांना एक इंटरप्ट धरला तर सेकंदाला ६,००० इंटरप्ट येतात. सेन्सरच्या फिफोत (आधी आलेले आधी बाहेर देणाऱ्या छोट्या साठ्यात) ५०० नमुने साठू देऊन ३,००० बाइटांचा गठ्ठा डीएमएने उचलला, तर सेकंदाला गठ्ठे ६४च होतात.

लिनक्समध्ये सुरुवात डिव्हाइस ट्रीपासून, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनापासून, होते: बसच्या नोडमध्ये ‘डीएमएज’ आणि ‘डीएमए-नेम्स’ लिहून ‘टीएक्स’ (पाठवण्याचा) व ‘आरएक्स’ (घेण्याचा) हे चॅनल जोडावेत. प्रोबमध्ये, म्हणजे उपकरण सापडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, ‘डीएमए_रिक्वेस्ट_चॅन’ने ते मागावेत. उत्तर ‘प्रोब डिफर’ आले तर तेच परत करावे, कारण डीएमएचा ड्रायव्हर अजून उभा राहिलेला नसतो. चॅनलच नसेल, तर मात्र पीआयओवर चालू ठेवावे. मग ‘डीएमएइंजिन_स्लेव्ह_कॉन्फिग’मध्ये बसच्या कंट्रोलरमधल्या फिफो रजिस्टरचा पत्ता, रुंदी आणि बर्स्ट (एका दमात हलवायचा डेटा) भरावा. इथे ‘आयओरीमॅप’ने मिळालेला, प्रोसेसरपुरताच असलेला व्हर्च्युअल पत्ता चालत नाही. रास्पबेरी पायसारख्या बोर्डांवर तर डीएमएला दिसणारा बसपत्ताही वेगळा असतो: पाय २ आणि ३ वर प्रोसेसरला ३एफ०००००० पासून दिसणारी उपकरणे डीएमएला ७ई०००००० पासून दिसतात. बर्स्ट फिफोतल्या मोकळ्या जागेपेक्षा मोठा ठेवला, की फिफो ओसंडतो.

‘कॅन_डीएमए’ हे फंक्शन छोटे व्यवहार पीआयओकडे वळवते. पायच्या एसपीआय ड्रायव्हरमध्ये ही मर्यादा ९६ बाइट आहे. या फंक्शनने होकार दिला, की बफरचे (डेटा ठेवायच्या मेमरीचे) मॅपिंग, म्हणजे त्याला डीएमएसाठीचा पत्ता देणे, एसपीआयचा गाभाच (लिनक्समधला सामाईक कोड) करतो. स्वतः मॅप करायचे असल्यास उपकरण म्हणून डीएमए कंट्रोलर द्यावा, एसपीआयचा नव्हे. स्टॅकवरचा (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला) बफर कधीही देऊ नये. कॅशे (प्रोसेसरजवळची मेमरीची प्रत) आपोआप न जुळणाऱ्या एआरएम बोर्डावर बफरच्याच कॅशे-लाइनमध्ये (कॅशेच्या एका तुकड्यात) दुसरा व्हेरिएबल असेल, तर अधूनमधून जुने आकडे वाचले जातात, आणि ही चूक शोधताना दिवस जातात.

‘सबमिट’ केल्याने व्यवहार फक्त रांगेत लागतो. ‘इश्यू_पेंडिंग’ विसरले तर काहीच हलत नाही आणि शेवटी टाइमआउट येतो. आरएक्स आधी सुरू करावा, टीएक्स नंतर. उलटे केल्यास आरएक्स फिफो भरून पहिले बाइट गळू शकतात. टाइमआउट झाल्यावर दोन्ही चॅनल ‘टर्मिनेट_सिंक’ने थांबवूनच बफर सोडावा, नाहीतर मोकळ्या झालेल्या मेमरीत कंट्रोलर लिहीत राहतो.

सर्वांत फसवी चूक शेवटी होते. टीएक्सचा डीएमए पूर्ण झाला, याचा अर्थ डेटा फिफोत पोहोचला एवढाच. तो तारेवर गेलेला नसतो. तेवढ्यात चिप-सिलेक्ट (उपकरण निवडणारा सिग्नल) सोडला तर शेवटचे काही बाइट कापले जातात, आणि घड्याळ मंद असताना हे जास्त दिसते. पाठवणे आणि घेणे एकत्र चालणाऱ्या दुहेरी व्यवहारात आरएक्स पूर्ण होण्याची वाट पाहावी. फक्त पाठवायचे असेल, तर कंट्रोलरचा बिझी बिट उतरेपर्यंत थांबावे.