बॅकअप क्वार्टरबॅकचा भाव: जॅक्सनव्हिलचा करार आणि त्यानंतर

क्वार्टरबॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू; पहिल्या पसंतीचा तो स्टार्टर, राखीव तो बॅकअप. एनएफएल या लीगमध्ये मार्चमध्ये फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा खुला बाजार, उघडली की तिशी ओलांडलेल्या बॅकअप क्वार्टरबॅकांच्या करारांवर दरवर्षी एकच वाद रंगतो. जो बहुधा मैदानात उतरणारच नाही, त्याच्यावर एवढा पैसा कशासाठी? वाद जुनाच आहे, पण आज त्यात जे दाखले दिले जातात ते बहुतेक 2017 नंतरचे आहेत.

त्याआधीचं थोडक्यात. 1972 मध्ये मायामीने अडतीस वर्षांच्या एका क्वार्टरबॅकला वेव्हर्सवरून (दुसऱ्या संघाने सोडलेल्या खेळाडूंच्या यादीतून) 100 डॉलर भरून उचललं. प्रशिक्षक त्याला बाल्टिमोरपासून ओळखत होते. पाचव्या सामन्यात स्टार्टरचा पाय मोडला, उरलेला नियमित हंगाम या माणसाने एकही सामना न गमावता काढला आणि संघ 17 विजय, 0 पराभव (17-0) वर थांबला. 1990 च्या हंगामात न्यूयॉर्कचा स्टार्टर डिसेंबरमध्ये जायबंदी झाला, तरी बॅकअपने 20-19 असं विजेतेपद आणलं. तेव्हा कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरची वार्षिक मर्यादा, नव्हती. 1994 मध्ये 3 कोटी 46 लाख डॉलरची कॅप आली आणि बाकावरच्या माणसाला दिलेला प्रत्येक डॉलर लाइनमधून (क्वार्टरबॅकला संरक्षण देणाऱ्या फळीतून) किंवा बचावातून काढावा लागू लागला.

2011 मध्ये इंडियानापोलिसने उलटी बाजू पाहिली. सलग नऊ वर्षं प्लेऑफ गाठणारा संघ स्टार्टरच्या मानेवरच्या शस्त्रक्रियेनंतर 2-14 वर आला. त्याच वर्षी नव्या कामगार करारामुळे ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) नवख्यांचे पगार बांधले गेले. स्वस्तातला तरुण स्टार्टर मिळाला की अनुभवी बॅकअपसाठी हातात पैसे उरू लागले.

आता 2019. या एका कराराशिवाय बॅकअपच्या भावाची चर्चा पुरी होत नाही, म्हणून तो नीट पाहायला हवा.

हा खेळाडू, निक फोल्स, 2013 मध्ये 27 टचडाउन (गुण मिळवून देणारे पास) आणि अवघे 2 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) असा हंगाम खेळला होता. 2015 मध्ये सेंट लुईसला 7 टचडाउन, 10 इंटरसेप्शन आणि मग बाक. निवृत्तीचा विचार करून तो परतला. 2017 मध्ये फिलाडेल्फियाने त्याला दोन वर्षांसाठी 1 कोटी 10 लाख डॉलर दिले, तेव्हा ही रक्कम जास्तच वाटली होती. डिसेंबरात स्टार्टरचा गुडघा गेला आणि 4 फेब्रुवारी 2018 ला मिनियापोलिसमध्ये सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, या बॅकअपने 373 यार्ड, तीन टचडाउन पास टाकून न्यू इंग्लंडला 41-33 हरवलं. पुढच्या हंगामातही पाचपैकी चार सामने जिंकून दिले. मार्च 2019 मध्ये जॅक्सनव्हिलने त्याला चार वर्षांसाठी 8 कोटी 80 लाख डॉलर देऊ केले. त्यातले 5 कोटींहून अधिक गॅरंटीड.

पहिल्याच सामन्यात, कॅन्सस सिटीविरुद्ध, लांब टचडाउन पास सुटतानाच अंगावर माणूस कोसळला आणि डाव्या खांद्याचं हाड मोडलं. सहाव्या फेरीतला नवखा आत आला आणि त्याने वर्षभरात बारापैकी सहा सामने जिंकले. मूळचा माणूस चार सामन्यांत सुरुवातीला उतरला, चारही हरला. पुढच्या मार्चमध्ये ड्राफ्टमधल्या चौथ्या फेरीच्या पिकच्या (निवडीच्या हक्काच्या) बदल्यात तो शिकागोला गेला. करारावर सही करताना दिलेला अडीच कोटींचा सायनिंग बोनस कॅपच्या हिशेबात चार वर्षांत विभागलेला होता. उरलेल्या तीन वर्षांचे 1 कोटी 87 लाख 50 हजार डॉलर जॅक्सनव्हिलच्या 2020 च्या कॅपवर डेड मनी, म्हणजे संघात नसलेल्या खेळाडूचा बोजा, म्हणून बसले.

'दुखापत झाली, नशीब' असं या कराराचं समर्थन अजूनही होतं. ते पटत नाही. खांदा शाबूत राहिला असता तरी भाव चुकीचाच होता, कारण पैसे मोजले गेले ते उत्तम लाइन, भक्कम धावता खेळ आणि चतुर आखणी यांच्या आधाराने खेळलेल्या मूठभर सामन्यांचे. सेंट लुईसचा हंगाम हिशेबात धरलाच गेला नाही. शिवाय त्या मार्चमध्ये एवढी बोली लावणारं दुसरं कोणी ठळकपणे समोर नव्हतं.

त्याच महिन्यात, त्याच विभागात टेनेसीने काय केलं ते याशेजारी ठेवून पाहावं. मायामीला नको झालेला स्टार्टर त्यांनी ट्रेडमध्ये (अदलाबदलीत) बॅकअप म्हणून घेतला. त्याच्या वर्षभराच्या पगाराचा मोठा वाटा मायामीनेच उचलला, टेनेसीच्या खिशातून गेले सुमारे 20 लाख. ऑक्टोबरमध्ये तो स्टार्टर झाला, दहापैकी सात सामने जिंकला, 117.5 रेटिंगसह (पासिंगच्या कामगिरीचा निर्देशांक) लीगमध्ये पहिला आला आणि संघ कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यापर्यंत गेला. दुसऱ्या वर्षी त्याला 11 कोटी 80 लाखांचा करार मिळाला, पण तो हंगाम डोळ्यांसमोर असताना. आधी स्वस्तात पारखून घ्यायचं आणि मग मोठी रक्कम लिहायची, हा क्रम बॅकअपच्या बाबतीत उलटा करू नये.

त्यानंतर करारांची घडण बदलत गेली. बातमीत 'इतक्या लाखांपर्यंत' असं वाचलं की त्यातला मोठा भाग इन्सेन्टिव्हचा, म्हणजे ठरावीक अट गाठली तरच मिळणाऱ्या रकमेचा, असतो, आणि तिथे 'लाइकली' व 'नॉट लाइकली' हा फरक कामाला येतो. गेल्या हंगामात गाठलेली अट यंदाच्या कॅपमध्ये आधीच धरतात. न गाठलेली धरत नाहीत, ती पुरी झालीच तर पुढच्या वर्षी वजा होते. गेलं वर्ष बाकावर काढलेल्या माणसाच्या बहुतेक अटी दुसऱ्या गटात पडतात, म्हणून कागदावर मोठा आकडा लिहूनही यंदाची कॅप मोकळी राहते. भाव पाहायचा तर गॅरंटीड रक्कम पाहावी.

जानेवारी 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे दोन्ही क्वार्टरबॅक कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जायबंदी झाले. मे महिन्यात आपत्कालीन तिसऱ्या क्वार्टरबॅकचा (दोघेही जायबंदी झाले तर तिसऱ्याला उतरवू देणारा) नियम परत आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लीव्हलंडने अडतीस वर्षांच्या, माजी विजेत्या क्वार्टरबॅकला घरून प्रॅक्टिस स्क्वॉडवर (सरावाच्या राखीव तुकडीत) बोलावलं. त्याने पाचपैकी चार सामने जिंकले, 13 टचडाउन टाकले, संघ प्लेऑफमध्ये नेला आणि ह्यूस्टनमध्ये दोन इंटरसेप्शन थेट टचडाउनला देऊन 45-14 हरला. त्या महिन्याचा भाव इंडियानापोलिसने काढला तो 87 लाखांपर्यंत, त्यात गॅरंटीड 45 लाख. जॅक्सनव्हिलपेक्षा हा हिशेब कितीतरी शहाणा होता.

2025 मध्ये तोच खेळाडू क्लीव्हलंडला परतला. चार सामने, एक विजय, 2 टचडाउन, 6 इंटरसेप्शन, आणि पुन्हा बाक. ऑक्टोबरमध्ये स्टार्टरच्या पायाच्या बोटाच्या दुखापतीने अडचणीत आलेल्या सिनसिनाटीने त्याला उशिराच्या फेऱ्यांतल्या पिकांची अदलाबदल करून नेलं. तिथे दुसऱ्याच सामन्यात, चाळिशीत, त्याने पिट्सबर्गविरुद्ध 342 यार्ड आणि तीन टचडाउन टाकून 33-31 असा विजय मिळवून दिला. रिसीव्हर (पास झेलणारे) बदलले होते, माणूस तोच होता. दोन नोव्हेंबरला शिकागोविरुद्ध त्याने 470 यार्ड टाकले. सिनसिनाटीच्या बचावाने 47 गुण दिले आणि सामना 47-42 असा गेला. नोंदीत तो पराभव त्याच्या खात्यावर आहे.